अर्धलीची पिल्लं

आईनं काबरीला गुडघ्याखाली दाबून धरलं होतं आणि तिच्याच शेपटातलं एक पीस उपटून दातात धरलं होतं.

"उर्मे, मुंडकं धर हिचं."

"न्हाई धरत."

"धर म्हणते न्हवं. एका हातानं जमंना मला."

पुढं काय होणार ते मला ठाऊक होतं. ते पीस कोंबडीच्या नाकाच्या एका भोकातनं घालायचं, दुसऱ्यातनं बाहेर काढायचं आणि तसंच राहू द्यायचं. मग ती दिवसभर मान झटकत, पायानं नाक खाजवत पळत सुटते. बसायचं विसरते. थोड्या दिवसांत परत अंडी द्यायला लागते. आमच्या वाडीत खुडूक कोंबडीवर हाच उपाय. नाहीतर पाण्याच्या बादलीत बुचकळायची.

काबरी खुडूक झाली होती. म्हणजे अंडी द्यायची बंद झाली होती आणि रिकाम्या पाटीत फुगून बसायला लागली होती. जवळ गेलं की मानेची पिसं उभी करायची, घशातनं गुरगुरायची, हात घातला की टोचायची. तिला पिल्लं पाहिजे होती. एवढंच तिचं म्हणणं. पण आमच्या घरात त्याला परवानगी नव्हती, कारण दादाची पोलीस भरती होती.

दादा म्हणजे धनाजी, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. भरतीचं ग्राउंड, म्हणजे पळायची परीक्षा, त्यासाठी रोज पहाटे माळावर पळायला जायचा आणि आला की तांब्याभर दुधात गावरान अंडी फोडून कच्ची प्यायचा. घरात चार कोंबड्या, चौघींची सगळी अंडी त्याची. मी त्यांना कण्या टाकायची, खुराडं झाडायची, मुंगूस आलं की दगड घेऊन पळायची. अंड्याची चव मात्र मी विसरले होते. बाप पुण्यात एका सोसायटीत वॉचमन, त्याला हे काही ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असतं तरी तो काही बोलला नसता.

"दोन महिने ही नुसती बसून खाणार," आई पीस दातात धरूनच बोलली. "चार महिन्यांवर ग्राउंड आलंय धन्याचं. त्याला काय दगडं फोडून देऊ दुधात?"

दादा उंबऱ्यावर बसून बुटाची नाडी सोडत होता. तो म्हणला, "आई, दोघींच्याबी नाकात घाल. ही पाटीत बसलीया, ती घरात बसलीया."

मी नववीतनं शाळा सोडली त्याला वर्ष झालं होतं. वर्षभर तो हेच बोलत होता, फक्त कधी म्हैस, कधी मांजर, आता कोंबडी.

मी आईचा गुडघा ढकलला. ती पडली नाही, पण हलली, आणि तेवढ्यात काबरी माझ्या काखेत आली. आईनं माझा हात धरला, मी हिसका दिला, तिची नखं मनगटापासनं कोपरापर्यंत फिरली.

"कोंबडी माझी हाय," मी म्हणले. "मामानं मला दिलीया. मी बसवणार."

ते खरं होतं. पिल्लू असताना मामानं आणून माझ्या हातात दिली होती, सगळ्यांसमोर.

आईनं पीस थुंकलं. "बसव की. कशावर बसवणार? माझ्या अंड्यांना हात लावायचा न्हाई. आणि लावून तरी काय उपयोग, कोंबडा कुटं हाय घरात?"

कोंबडा, दादाच्या भरतीच्या अकॅडमीचे सर जेवायला आले तेव्हा कापला होता. बिनकोंबड्याच्या अंड्यातनं पिल्लू निघत नाही, हे काबरीला कळत नसलं तरी मला कळत होतं.

मी तिला घेऊन तशीच बोळ ओलांडून जैनबचाचीकडं गेले.

चाची एकटी राहायची. नवरा वारलेला, पोरगी मिरजेला दिलेली. तिच्या परसात कोंबड्याच कोंबड्या, आणि त्यांच्यात एक म्हातारा कोंबडा, सुभेदार. त्याच्या मानेला एक पीस नव्हतं. जन्मापासनंच नव्हतं, ती जातच तशी, लाल उघडी मान आणि खाली एवढा मोठा धिप्पाड देह. वाडीतल्या बायका त्याला बघून नाकं मुरडायच्या. पण त्याची पिल्लं रोगराईत टिकायची, उन्हात धापायची नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आता त्याचे पाय सुजले होते. आरवायला लागला की अर्ध्यातच खोकल्यासारखा आवाज यायचा.

"चाची, अंडी दे."

"कशाला, भावाला?"

"काबरी खुडूक झालीया. बसवायचीय."

तिनं माझ्या हाताकडं बघितलं. "कोंबडीनं बोचकारलं का आईनं?"

"आईनं."

"मग ठीक हाय. कोंबडीनं बोचकारलं असतं तर ती पिल्लं सांभाळायच्या लायकीची न्हाई म्हणले असते." ती स्वतःच हसली आणि काबरीचं पोट चाचपलं. पोटाखालची पिसं झडून कातडी गरम झाली होती. "हां, खरी खुडूक हाय. माझी एकबी बसंना बग यंदा. अर्धलीनं बसवतीस?"

अर्धल म्हणजे अंडी एकीची, कोंबडी दुसरीची, पिल्लं निम्मी निम्मी. आमच्याकडं शेळ्यांचंही तसंच असतं.

"बसवते."

"वाटणी कवा?"

"कोंबडीनं पिल्लं तोडली, लांब हाकलली की."

"वाटे कोण करणार?"

"मी करणार. उचलणार तू."

"शिकवायला नको तुला." ती पाटीतनं अंडी निवडायला लागली. एकेक कानाजवळ हलवून बघत होती. मग हात थांबवून म्हणली, "आणखी एक. सुभेदार काय फार दिवस काढत न्हाई. त्याच्यासारख्या मानेचा कोंबडा निघाला तर तो वाटणीच्या आधी माझा. मग बाकीची निम्मी. मला माझ्या घरात त्याची जात पाहिजे."

"तलंग निघाली तर?" तलंग म्हणजे कोंबडीची तरणी पोरगी, अजून अंडी न घातलेली.

"तलंग निघाली तर तुझी. कोंबडा निघाला तर माझा. बोल."

"तुझा."

"आईला इचारलंस?"

"कोंबडी माझी हाय म्हणले की."

तिनं कोळशानं प्रत्येक अंड्याभोवती एक रेघ ओढली, म्हणजे दुसऱ्या कोंबडीनं येऊन पाटीत अंडं घातलं तर ओळखू यावं. ओच्यात अकरा अंडी घेऊन मी घरी आले, तेव्हा आईनं विचारलंसुद्धा नाही कुठनं आणली. मशीनवर कुणाचं तरी ब्लाऊज शिवत बसली होती. रागावली की आईचं पायडल जोरात चालायचं.

पाटीत तळाला राख, वर पेंढा, कडेला कोळशाचा तुकडा आणि एक लाल मिरची. वीज कडाडली की अंड्यातला जीव मरतो म्हणतात, त्यावर हे. खरं-खोटं मला ठाऊक नाही, चाची म्हणली ठेव, मी ठेवली. काबरी पाटीत उतरली, एकेक अंडं चोचीनं पोटाखाली ओढून घेतलं, अंग पसरलं आणि डोळे अर्धे मिटले.

मला एका जागी बसवत नाही. शाळेतही बसवत नव्हतं, मास्तर म्हणायचे हिच्या बुडाला भिंगरी हाय. त्यामुळं काबरीचं बसणं मला आधी खोटंच वाटायचं. मी मुद्दाम वेळीअवेळी जाऊन बघायची. ती तिथंच. दिवसातनं एकदा उठायची, धडाधड कण्या खायची, पाणी प्यायची, उकिरड्याच्या मातीत अंग घोळवायची आणि कुणीतरी मागं लागल्यासारखी पळत परत यायची. तुरा फिका पडला, छातीचं हाड लागायला लागलं. मी हातावर बाजरी धरली तर पाटीतनं मान लांब करून खायची. गुरगुरणं माझ्यापुरतं बंद केलं होतं तिनं.

एकदा दुपारी चाची आली. आमच्या स्वैपाकघराच्या कौलातनं उन्हाची एक तिरीप पडते, तिच्यात तिनं एकेक अंडं धरून बघितलं. मलाही दाखवलं. आत लाल जाळं आणि मधी एक काळा ठिपका, हलणारा. एक अंडं नुसतं पिवळं दिसलं, ते तिनं बाजूला काढलं. आई दारातनं बघत होती.

"चहा टाकू का, जैनबवैनी?"

"नको गं. पिल्लं निघाली की पाज."

आईनं मान हलवली. गोड बोलायची ती चाचीशी. दोघी एकाच वर्षी वाडीत नांदायला आल्या होत्या.

दहाच्या दहा निघाली. सकाळी पाटीतनं चिवचिव ऐकू आली म्हणून गेले तर काबरीच्या पंखातनं एक ओलसर डोकं बाहेर आलं आणि परत आत गेलं. दुपारपर्यंत सगळी वाळून कापसासारखी झाली. आणि त्यात एक होतं, मान उघडी, जणू कुणी पिसं घालायची विसरलं. मी ते ओंजळीत घेऊन चाचीकडं पळाले. चाचीनं बघितलं आणि त्याच्या मानेवरनं करंगळी फिरवली.

"कोंबडा का तलंग?" मी विचारलं.

"आता कसं कळंल. तुरा फुटू दे."

तेव्हापासनं मी रोज त्याचा तुरा बघायची.

काबरीनं त्या पिल्लांना कसं वाढवलं ते मी बघितलंय. मातीत उकरायची, आळी सापडली की स्वतः खायची नाही, चोचीत धरून खाली टाकायची, परत उचलायची, आणि कुटकुट कुटकुट करून बोलवायची. ऊन वाढलं की पंख पसरून सगळ्यांना आत घ्यायची. एकदा घार आली. काबरीनं वेगळाच आवाज काढला, एकच, आणि पिल्लं जिथं होती तिथं पाल्याखाली बसली. एक तेवढं मोकळ्यात राहिलं. घार खाली आली तशी काबरी उडाली, आमच्या वाडीतली जड कोंबडी, माझ्या डोक्याएवढी वर उडाली आणि घारीच्या छातीवर आदळली. पिल्लू गेलंच. पण घारीचीही दोन पिसं अंगणात पडली. मी दगड मारत बांधापर्यंत पळाले. परत आले तर काबरी उरलेल्यांना घेऊन उकरत होती.

उघड्या मानेच्याला तुरा फुटला. लाल, जाड. एके सकाळी तो काबरीच्या पाठीवर चढून उभा राहिला आणि आरवायला गेला. खोकल्यासारखा आवाज आला. मी बोळातनं ओरडले, "चाची, कोंबडा." ती परसातनं म्हणली, "ऐकलं. बापाचा गळा घेऊन आलाय मेला."

मग एक दिवस काबरीनं कणी खायला आलेल्या पिल्लाच्या डोक्यात टोच मारली. पिल्लू मागं सरकलं, परत आलं, परत टोच. रात्री पंखाखाली यायला लागली तर उठून दुसरीकडं जाऊन बसली. पिल्लं तोडली तिनं. चाचीला सांगितलं, ती म्हणली, "उद्या सकाळी येते पाटी घेऊन."

त्या दिवशी मी रानात भांगलायला, तण काढायला गेले होते. संध्याकाळी घरी आले तर खुराड्यासमोरच्या राखेत रक्ताचे थेंब. मला वाटलं मुंगूस. पिल्लं मोजली, सगळी होती. मग बघितलं, तीन कोंबडे लंगडत होते. उघड्या मानेचा, आणि दोन तांबडे. सगळ्यांत लठ्ठ तीन. मी उचलून पाय बघितला. डाव्या पायाचं मधलं बोट नखापासनं तोडलेलं आणि त्यावर हळद दाबलेली.

आई चुलीपुढं होती. दादा भिंतीला टेकून मोबाइलवर कुणाचं तरी ग्राउंड बघत होता.

"आई, हे काय केलंस?"

"काय?"

"पायाचं."

"ते व्हय. मरीआईला सोडलेत तीन. धन्या ग्राउंडात पास झाला की द्यायचे. बोललीय मी तसं देवळात."

"माझी पिल्लं?"

"घरातली पिल्लं."

"अर्धलीची हायत. चाचीचा वाटा हाय त्यात."

"मग उरल्यात त्यांची करा की वाटणी. मी कुटं नको म्हणते."

"उघड्या मानेचा चाचीला कबूल केलाय मी. पहिल्या दिवशी. तो वाटणीतच न्हाई."

"तोच लठ्ठ हाय," आई म्हणली. "देवीला काय मरतुकडं देऊ?"

"दुसरा दे. माझ्या वाट्यातले दोन काय, तीन दे. तो नको."

"खूण केलीया आता. देवाच्या नावानं रक्त सांडलं की फिरवायचं नसतं, कळतंय का? आणि तू कबूल करणारी कोण? तुझ्या कबुलीनं घर चालतंय व्हय?"

दादा मोबाइलमधनं मान वर न करता म्हणला, "एका कोंबड्यासाठी किती बोंबलतीस गं."

मी त्याच्या हातातला मोबाइल हिसकला आणि चुलीजवळच्या लाकडात टाकला. तो उठला. आई मधी आली.

"मी मागितला का नवस?" तो ओरडला. "मला काय सांगतीस?"

"न्हाई मागितलास. सायकलबी न्हाई मागितलीस. आईनं दिली, तू घेतलीस."

तव्यावर भाकरी करपल्याचा वास यायला लागला तरी आईनं उलथली नाही.

वाडीत सगळ्यांना एवढंच ठाऊक की उर्मीनं मास्तरावर डस्टर फेकला आणि शाळा सोडली. डस्टर फेकला ते खरं. पण त्याच्याआधी मास्तरानं मला रोज वर्गाबाहेर उभं केलं होतं, उशीर होतो म्हणून. उशीर व्हायचा, कारण मी माळावरनं चालत जायची. चालत जायची, कारण शाळेतनं मला मिळालेली सायकल दादा विट्याच्या अकॅडमीला घेऊन जायचा. आई म्हणली होती, भरती होईपर्यंत दे, मग तुझीच हाय. मी गप्प बसले होते. त्याच्या नोकरीसाठी म्हणून गप्प बसले होते. डस्टरचं सगळ्यांनी सांगितलं, सायकलीचं घरातल्या कुणीही कुणाला सांगितलं नाही, आणि आई तर बायकांना म्हणायची, हिचं डोकंच न्हाई शाळेत, काय करणार.

"आता सायकल कुटं आली मधीच?" दादा म्हणला, पण हळू.

"मधीच न्हाई आली," मी म्हणले.

आईनं करपलेली भाकरी काढून माझ्यापुढं टाकली. "खा आणि झोप. सकाळी जैनब आली की मी बघते तिचं."

आणि तिनं बघितलंच. सकाळी चाची रिकामी पाटी घेऊन आली, तर आई दारातच उभी. एवढं गोड बोलली की माझ्या दाढा ठणकल्या.

"जैनबवैनी, तीन मरीआईला सोडलेत बग. धन्याचं ग्राउंड हाय पुढच्या आठवड्यात. लेकराचं बरं व्हावं म्हणून. तुला काय सांगायचं, तू तर घरातलीच."

चाचीनं पिल्लं झाकलेल्या डालग्याखाली बघितलं. उघड्या मानेचा एका पायावर उभा होता. तिनं त्याचा पाय बघितला, मग माझ्याकडं बघितलं.

"न्हाई बाई," ती म्हणली. "देवीचं कोण न्हेईल."

"बाकीची घेऊन जा की निम्मी."

"राहू दे. पुढं बघू."

ती रिकामी पाटी घेऊन परत गेली. मी तिच्या मागनं पळाले. ती तिच्या दारात पोचली होती.

"चाची, तो तुझाच हाय. मी आणून सोडते तुझ्या परसात. बघू कोण न्हेतंय परत."

"आणशील तर उंबऱ्याच्या आत घेणार न्हाई मी."

"का? भितीस आईला?"

"तुझ्या आईला कोण भितंय." तिनं पाटी भिंतीला टेकवली. "डोकं चालीव जरा. उद्या तुझा भाऊ पळताना पडला, पाय मोडला, काय झालं, तर वाडी काय म्हणंल? देवीचा कोंबडा मुसलमानणीनं न्हेला. कुणाच्या दारात येतील? तुझ्या का माझ्या?"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आईच्या डोक्यात आलं होतं का, तेही मला कळेना, आणि तेच सगळ्यांत वाईट होतं.

"जा घरी," चाची म्हणली. "शब्द दिलास, पाळता आला न्हाई. तुझा काय दोष त्यात. जा."

ती चिडली असती तर चाललं असतं. तिनं दोष नाही म्हणलं आणि माझ्या अंगाची लाही झाली.

मी घरी आले. आईच्या मशीनच्या खणातनं कातर काढली. डालग्यासकट सगळी पिल्लं उचलून नळावर घेऊन गेले. आमच्या दारासमोरच वाडीचा नळ, पाणी सकाळचंच येतं, बायका कळश्या लावून उभ्या होत्या. मी मधोमध फतकल मारली आणि पहिला कोंबडा मांडीवर घेतला. खूण नसलेला.

बोट धरलं तेव्हा हात थांबला. हा तो होता जो माझ्या तळहातावरची बाजरी सगळ्यांत आधी खायचा. त्यानं पाय ओढूनही घेतला नाही. मी कातर दाबली. तो ओरडला. मी दुसरा घेतला.

"उर्मे, काय करतीस गं?" शालनकाकू कळशी ठेवून जवळ आली.

"खूण करते. मरीआईची."

"आईनं केलीया म्हणली की तुझ्या."

"तिनं तिघांना केली. मी सगळ्यांना करते."

"आगं तलंगांनाबी?"

"त्यांना तरी कशाला वगळायचं."

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. तेवढ्यात आई बाहेर आली. तिच्या हाताला पीठ होतं. डालग्यात लंगडणारी पिल्लं आणि माझ्या मांडीवर रक्त बघून ती पायरीवरच थांबली.

"काय केलंस हे, रांडं?"

"काय न्हाई. नवस तीन कोंबड्यांचा हाय, उघड्या मानेचा न्हाई. देवीला खूण पाहिजे ना, घे, सगळ्यांना हाय खूण. यातले तीन आमच्या वाट्यातनं जातील. तो एक जैनबचाचीचा हाय. अंडी घेतली तेव्हाच मी कबूल केला हुता. तुझ्या नवसाच्या आधी."

"देवीचा कोप हुईल. धन्या पडला म्हंजे?"

"पडला तर माझ्यामुळं पडला." मी उठून उभी राहिले, कातर हातातच होती. "ह्या सगळ्या ऐकतायत. चाचीनं मागितला न्हाई. ती देवीचा नको म्हणून सकाळीच परत गेली, मोकळी पाटी घेऊन. मी बोटं तोडली, मी देणार. जे काय व्हायचं ते माझ्या नावावर व्हऊ दे. कुणाला काय बोलायचं ते मला बोला. चाचीच्या दारात जायचं न्हाई."

नळाचं पाणी एका कळशीतनं भरून वाहत होतं. ती कळशी कुणीच बाजूला केली नाही.

बोळातनं चाची आली. कुणीतरी पोर तिला सांगायला गेलं असणार. ती सरळ माझ्याकडं आली, माझ्या हातातनं कातर घेतली आणि दुसऱ्या हातानं माझ्या पाठीत एक धपाटा घातला, चांगला जोरात.

"हळद कुटाय? हळद न आणता कातर चालवतीस? मुकं जनावर हाय का चिंधी?"

मी हळद आणायला आत गेले. आईच्या अंगावरनंच गेले, ती बाजूला झाली नाही, मी तिरकी होऊन गेले. बाहेर आले तर चाची खाली बसून एकेका पिल्लाचा पाय पदरानं पुसत होती. शालनकाकू तिच्याशेजारी उकिडवी बसून पिल्लं धरून देत होती. सगळ्यांची बोटं हळदीनं पिवळी झाली तेव्हा चाची म्हणली, "कर वाटे."

मी आधी उघड्या मानेचा उचलून तिच्या मांडीवर ठेवला. मग उरलेल्यांचे दोन वाटे केले, इकडं चार, तिकडं चार. तिनं डावीकडचा उचलला. त्यात दोन तलंगा होत्या, मी त्या वाट्यात मुद्दामच जास्त टाकल्या होत्या आणि तिनं ते ओळखलं होतं. माझ्याकडं बघून तिनं डोळे बारीक केले.

"नवसाला तीन पुरतील न्हवं तुझ्या वाट्यात?" तिनं आईला विचारलं.

आई हाताचं पीठ झाडत आत गेली. चाची पाटी डोक्यावर आणि उघड्या मानेचा काखेत घेऊन गेली.

दादा त्या वर्षी ग्राउंडातच बाद झाला. पडला नाही, मोडला नाही, नुसता मागं राहिला. खापर माझ्यावर फुटलं. आईनं फोडलं, मावशीनं फोडलं, बापानं पुण्यातनं फोनवर फोडलं. देवळात नेऊन मला नाक घासायला लावलं, मी नुसती वाकले. पण चाचीच्या दारात कुणी गेलं नाही. आज चार वर्षं झाली, अजून कुणी गेलेलं नाही.

त्या दुपारी मात्र यातलं काही झालेलं नव्हतं. नळ गेला, बायका पांगल्या. मी हातावरचं रक्त धुतलं आणि घरात आले.

आई म्हणली, "आज तुला या घरात भाकरी न्हाई."

चुलीशेजारी दादाचं ताट वाढून झाकून ठेवलं होतं. तो विट्याहनं यायचा, हात-पाय धुवायचा, जेवायचा. त्याचं झालं की आम्ही दोघी. मला कळायला लागल्यापासनं तसंच होतं, कुणी कधी सांगायलाही लागलं नाही.

मी ते ताट ओढलं, वरचं झाकण काढलं आणि भाकरी मोडली.

"धन्याचं हाय ते," आई म्हणली.

मी कालवणात घास बुडवला. आई पुढं आली, ताटाला हात घालण्याएवढी पुढं आली, आणि तिथंच थांबली. बाहेर सायकल भिंतीला टेकवल्याचा आवाज झाला. दादा आत आला, अंगणात हात धुतले, टॉवेलला पुसत चुलीपाशी आला आणि आमच्या दोघींकडं बघत उभा राहिला.

"माझं ताट?"

मी जेवत होते. आई खाली बसली, परातीत पीठ घेतलं आणि त्याच्यासाठी नवीन भाकरी थापायला लागली.

"बस," ती त्याला म्हणली. "हिचं होऊ दे."